स्वभावाला औषध आहे!

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण ज्या कुणा अनुभवी माणसानं पहिल्यांदा उच्चारली, त्याच्या घरी टीव्ही नसणार. असता, तर संध्याकाळी सात ते रात्री साडेदहा या वेळात त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असतं की स्वभावाला औषध आहे, ते रामबाण आहे, आणि त्याचा गुण यायला फार तर तीन आठवडे लागतात. परवापरवापर्यंत वहिनीच्या दुधात कसली तरी पूड कालवणारी नणंद आज तिच्याच डोहाळजेवणाला हिरवी साडी घेऊन हजर असते. बरं, ती आली याचं घरातल्या एकाही माणसाला नवल वाटत नाही! आमच्या घरी कुणी चहात साखर अर्धा चमचा कमी घेतली तर आठ दिवस चर्चा चालते. ‘काय झालं? डॉक्टरांनी सांगितलं की कुणाशी भांडण झालं?’ मालिकेतल्या घरात मात्र खलनायिकेची साध्वी झाली तरी सासरे पेपरातून मान वर काढत नाहीत.

मी राहतो कर्जतला. आमच्याकडे स्वभाव बदलायची पद्धत नाही. सकाळच्या मुंबई लोकलला एक गृहस्थ गेली पंचवीस वर्षं त्याच डब्यात, त्याच खिडकीशी बसतात आणि नेरळ आलं की ‘नेरळ आलं’ असं जाहीर करतात. नेरळ रोज येतं. ते रोज जाहीर करतात. उद्या ते नेरळला गप्प बसले तर डब्यातले लोक साखळी ओढतील.

मराठी मालिकांवरची उत्तम टीका कुठे ऐकायला मिळते असं कुणी विचारलं, तर मी साहित्य परिषदेचा पत्ता देणार नाही, कर्जत लोकलच्या बायकांच्या डब्याचा देईन. आमच्या डब्याच्या आणि त्या डब्याच्या मध्ये एक जाळी आहे. नोकरीच्या काळात त्या जाळीला पाठ टेकून मी वर्षानुवर्षं समीक्षेचं शिक्षण घेतलं. कर्जत ते मुंबई शंभर किलोमीटर, दोन-सव्वादोन तास. कल्याण येईपर्यंत आदल्या रात्रीच्या तीन मालिका सहज सोलून होत. आणि भाजी निवडता निवडता, मटारच्या शेंगा फोडता फोडता, एक वाक्य हटकून यायचं : “ती अशी नव्हती गं!”

तीन शब्द आणि एक ‘गं’. आमच्या समीक्षकांनी व्यक्तिरेखेच्या सुसंगतीवर जाडजूड प्रकरणं लिहिली असतील, पण या वाक्यापलीकडे त्यांत काही असेल असं मला वाटत नाही. ‘ती अशी नव्हती’ यात ती आता वाईट झाली अशी तक्रार नाही. ती बदलली, याचीही नाही. तक्रार ही की मला न सांगता बदलली. चार वर्षं रोज रात्री जिच्याबरोबर जेवले, तिनं निदान कळवायचं तरी!

आता हे होतं कसं, ते पाहू. रोजची मालिका म्हणजे अर्ध्या तासाच्या जागेत वीस-बावीस मिनिटांचं नाटक, आठवड्यातून पाच-सहा दिवस. वर्षाला अडीचशे-तीनशे भाग होतात. एवढं लिहिणं एका माणसाचं काम नाही. म्हणून कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. ‘आई कुठे काय करते’ची पटकथा नमिता वर्तक लिहीत, संवाद मुग्धा गोडबोले लिहीत, म्हणजे अरुंधतीनं घर सोडायचं की नाही हे एकीनं ठरवायचं आणि सोडताना काय बोलायचं हे दुसरीनं. तिथे दोघींचं जमलं. सगळीकडे जमतंच असं नाही. मग एकाच बाईत दोन बायका राहायला लागतात, आणि त्यांची आपापसांत ओळख नसते.

त्यात गुरुवार. आपल्याकडे गुरुवार दत्ताचा. मालिकावाल्यांकडे तो आकड्यांचा. देशभरातल्या हजारो घरांत एक यंत्र बसवलेलं असतं, त्यावरून कुणी काय पाहिलं ते दर आठवड्याला कळतं. आमच्या आळीत असं यंत्र कुणाकडे नाही. असतं तर त्या घराला आम्ही सरपंचापेक्षा जास्त मान दिला असता. आकडा उतरला की धावपळ सुरू होते. कथा घाट चढत नाही!

घाट आम्हा कर्जतकरांना कुणी समजावून सांगायला नको. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते ती आमचा वडा चांगला म्हणून, अशी आमची समजूत असली, तरी खरं कारण बोरघाट. चढ सदतिसास एक. पुढचं इंजिन एकट्यानं ओढू शकत नाही, म्हणून मागून बँकर इंजिनं लावतात. ती मागून रेटतात आणि गाडी लोणावळ्याला पोचते. मालिकेलाही तसंच मागून इंजिन लावतात. अपघात लावतात, विसरलेली बहीण लावतात, लग्न लावतात. सगळ्यांत स्वस्त आणि दमदार इंजिन म्हणजे स्वभावबदल. त्याला नवा नट लागत नाही, नवा सेट लागत नाही. गरीब सून एका सोमवारी उद्धट झाली की काम भागलं. फरक इतकाच, की रेल्वे लोणावळ्याला बँकर काढून घेते. मालिकेत ते तसंच लावलेलं राहतं, सपाटीवरही रेटत बसतं, आणि आतल्या माणसांचे वडे हातातून पडतात.

आणि प्रवास तरी केवढा! ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका ई टीव्ही मराठीवर २००१ मध्ये सुरू झाली आणि २०१३ च्या जानेवारीत संपली. चार दिवस या शब्दाचा इतका सैल अर्थ आमच्याकडच्या गवंड्यांखेरीज कुणी लावलेला नाही. तीन हजारांवर भाग. रोहिणी हट्टंगडी आणि कविता लाड यांनी तिथे जी सासू-सून उभी केली, त्यांच्याइतका सहवास सख्ख्या सासू-सुनांनाही हल्ली लाभत नाही. अकरा वर्षांत माणूस बदलणारच की! मी स्वतः अकरा वर्षांत कितीदा मिशी ठेवली आणि काढली. तेव्हा बदलावर माझा आक्षेप नाही, हे आधीच सांगून ठेवतो. न बदलणारी माणसं फक्त आमच्या लोकलमध्ये शोभतात.

बदलाबदलांतही जाती आहेत. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली राधिका घ्या. नागपूरकडची साधीभोळी बाई, नवऱ्यानं बाहेर दुसरं प्रकरण केलेलं; ती मसाल्यांचा धंदा काढते, आणि २०१६ ते २०२१ या पाच वर्षांत कुठल्या कुठे पोचते. तिच्या तीनशे कोटींच्या कंपनीवर महाराष्ट्रानं पोट धरधरून विनोद केले. मी केले नाहीत. कारण पहिल्या महिन्यापासून त्या बाईच्या हाताला चव आहे हे मी पाहिलेलं होतं. कोटींचा हिशेब चुकला असेल, मसाल्याचा चुकला नव्हता. मला अवघड गेला तो तिचा नवरा गुरुनाथ. सुरुवातीला हा गृहस्थ बायकोला पत्ता लागू न देता बाहेरचं प्रकरण चालवण्याइतका धूर्त. पुढेपुढे इतका बावळट, की कुणीही यावं आणि त्याला टोपी घालून जावं. एवढी अक्कल जाते कुठे? माणसाची अक्कल वयानं कमी होते हे मान्य, पण अशी अर्ध्यावर भाड्यानं दिल्यासारखी? उत्तर सोपं आहे. हसू आणायला घरात कुणी तरी लागतो, आणि धूर्त माणूस हसवत नाही. तेव्हा गुरुनाथची अक्कल काढून घेतली आणि विनोदाच्या खात्यात जमा केली.

‘तुला पाहते रे’मधला विक्रांत सरंजामे निराळा. २०१८ च्या ऑगस्टात हा चाळिशीपलीकडचा श्रीमंत, सभ्य, दुःखी गृहस्थ महाराष्ट्राच्या घराघरांत शिरला. सुबोध भावेंनी तो असा काही केला की आमच्या ओळखीच्या दोन-तीन नवऱ्यांनी केस मागे वळवायला सुरुवात केली. आणि वर्ष पुरं व्हायच्या आत कळलं की हा मुळात गजेंद्र पाटील, पहिल्या बायकोच्या जिवावर उठलेला! बायकांच्या डब्यात त्या आठवड्यात सुतक होतं म्हणे. पण मी याला स्वभावबदल म्हणणार नाही. हा उलगडा झाला. पानावर पान झाकलेलं होतं, ते उचललं. फसवणूक झाली ती नायिकेची झाली, तशी आपली झाली. दोघांची मिळून झाली, म्हणून तिचा राग येतो पण अपमान वाटत नाही.

अपमान वाटतो तो कुठे, ते सांगतो. १९८६ साली अमेरिकेतल्या ‘डॅलस’ नावाच्या प्रचंड गाजलेल्या मालिकेत एक बाई सकाळी उठते तर तिचा मेलेला घटस्फोटित नवरा न्हाणीघरात अंघोळ करतोय. मागाहून खुलासा झाला, की मधलं अख्खं वर्ष हे तिचं स्वप्न होतं! नट परत आला होता, त्याला जागा हवी होती. तेवढ्यासाठी वर्षभराची रडारड रद्द. आपल्याकडे स्वप्न वगैरे भानगडीत कुणी पडत नाही. आपण नुसतं विसरतो. ‘तुझ्यात जीव रंगला’मधला कोल्हापूरचा राणादा, भोळाभाबडा पैलवान, गायब होतो आणि २०१९ मध्ये राजा राजगोंडा म्हणून वेगळ्याच रुबाबात परत येतो. चेहरा तोच, नाव नवं, स्वभाव नवा. पण निदान मालिकेतली माणसं चक्रावली, ‘हा राणाच का?’ म्हणून भांडली. माझ्या दृष्टीनं तेवढ्यानं सगळं माफ. बदलाची दखल बदलणाऱ्यानं नाही घेतली तरी शेजाऱ्यानं घ्यावी, एवढी माफक अपेक्षा आहे.

‘आई कुठे काय करते’ डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४ चालली, आणि तिच्यात मला सर्वांत जास्त पटलेली व्यक्ती कोण म्हणाल, तर अरुंधती नव्हे. अरुंधती चांगलीच होती. पंचवीस वर्षांचा संसार, मग नवऱ्याचं प्रकरण, घटस्फोट, गाणं, दुसरं लग्न. मधुराणी प्रभुलकरांनी ती बाई इतकी हळूहळू ताठ केली की पाठीचा मणका कुठल्या भागात सरळ झाला ते सांगता येऊ नये. पण माझी आवडती तिची सासू, कांचन. ही एका आठवड्यात ‘अरुंधतीमुळेच माझ्या मुलाचं वाटोळं झालं’ म्हणते आणि पुढच्या आठवड्यात अरुंधतीच्या गळ्यात पडून रडते. टीका करणारे म्हणत, हिचा स्वभाव लेखकांना सापडला नाही. अहो, सापडला होता! आमच्या सगळ्या म्हाताऱ्या अशाच असतात. त्यांचा स्वभाव म्हणजे घड्याळातला लंबक. तो हलतो म्हणूनच घड्याळ चालू आहे. लंबक बदलत नसतो, फिरत असतो, आणि ज्या खिळ्याला टांगलाय तो खिळा जागचा हलत नाही. कांचनचा खिळा म्हणजे मुलगा.

कुणी म्हणेल, एवढं कशाला मनावर घ्यायचं? पुराणांतही माणसं एका रात्रीत बदलतातच की. बदलतात. पण पाहा, कैकेयी बदलली ती एकाच रात्रीत, तरी वाल्मीकींनी मंथरेला तिच्या कानाशी बसवलं, जुने दोन वर उकरून काढले. भरतानं परत आल्यावर आईला जे सुनावलं त्यातला मुद्दाही ‘तू अशी कशी झालीस’ हाच. आणि खुद्द वाल्मीकी? वाल्या कोळ्याचा ऋषी झाला यापेक्षा मोठा स्वभावबदल आपल्या परंपरेत नाही. पण त्याच्या अंगावर वारूळ वाढू दिलं! वारूळ वाढायला वेळ लागतो, पावसाळे लागतात. आजच्या मालिकेत वाल्या असता तर बुधवारी दरोडा, गुरुवारी आकडा आणि सोमवारी रामायणाचं प्रकाशन, प्रमुख पाहुणे नारद.

आणि क्रमशः लिहिण्याचं संकट काही टीव्हीनं आणलेलं नाही. हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो!’ १८९० साली काढलेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून आठवड्याच्या आठवड्याला छापली. पुढचा अंक डोक्यावर, छापखाना दारात. तरी त्यांची यमू लहान पोरीची बायको होते, बायकोची विधवा होते, आणि शेवटच्या पानावरही ती पहिल्या पानावरचीच यमू असते. कारण हरिभाऊंनी साधी युक्ती केली : सांगायचं काम तिच्यावरच सोपवलं. स्वतःची गोष्ट स्वतः सांगणारीला विसरायची सोय नसते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो.

माझी आत्या खालापूरला असते. वय अठ्ठ्याहत्तर. चाळीस वर्षांपूर्वी नवरा गेला, शेती कुळाकडे, मुलगा खोपोलीला. वाचन भरपूर, डोळे शाबूत, स्मरणशक्ती सावकाराची. तिच्या भिंतीवर कालनिर्णय आहे आणि त्याच्या चौकोनांत दुधाच्या हिशेबाशेजारी मालिकांच्या नोंदी असतात. ‘१ लिटर. आसावरी खोटं बोलली.’ ‘दूध नाही. शुभ्रा रागावली.’ पावसाळ्यात आमच्या तालुक्यांत वीज जाते. खोपोलीच्या वीजघरात १९१५ पासून मुंबईसाठी वीज तयार होते, आणि खालापूरला आत्या अंधारात बसते. भूगोलाचे असे विनोद आम्ही पिढ्यानपिढ्या सहन करतो. वीज गेली त्या दिवशीच्या चौकोनात ती फुली मारते आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीकडून ऐकून फुलीवर बारीक अक्षरात भर घालते. बखर लिहावी तसं.

‘अग्गंबाई सासूबाई’ २०१९ च्या जुलैत सुरू झाली. आसावरी नावाची विधवा, सासऱ्याच्या धाकात दबलेली. अभिजित राजे नावाचा बल्लव. आणि आसावरीची सून शुभ्रा. या पोरीनं, आजेसासरे, नवरा, गाव, सगळ्यांच्या छाताडावर उभं राहून आपल्या सासूचं दुसरं लग्न लावलं. २०२० च्या सुरुवातीला ते लग्न टीव्हीवर लागलं, आणि आत्या त्या रात्री जेवली नाही. म्हणजे दुःखानं नव्हे. पोळ्या लाटायच्या राहून गेल्या. कालनिर्णयाच्या चौकोनात फक्त एक शब्द होता : ‘लागलं.’

चाळीस वर्षांत तिला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. त्याचा तिनं कधी उच्चार केला नाही. आमच्याकडे बायका अशा गोष्टींचा उच्चार करत नाहीत. त्या वर्षी रथसप्तमीच्या आत तिनं स्वतःच्याच घरी हळदीकुंकू केलं. आळीतल्या सवाष्णी बोलावल्या आणि तीन विधवाही. दोघी सवाष्णी आल्या नाहीत. एक आली ती वाण म्हणून स्टीलचा डबा आहे असं कळल्यावर. पण तिघी विधवा आल्या, आणि आत्यानं स्वतःच्या हातानं तिघींना आणि मग आरशात बघून स्वतःला कुंकू लावलं. माझ्या आतेभावानं चाचरत विचारलं, “आई, हे कुणी सुचवलं?” ती म्हणाली, “शुभ्रानं.” तो बिचारा दोन दिवस नातेवाइकांत शुभ्रा कोण ते शोधत होता.

२०२१ च्या मार्चमध्ये ‘अग्गंबाई सासूबाई’ संपली आणि त्याच घराची पुढची मालिका आली, ‘अग्गंबाई सूनबाई’. माणसं तीच, नावं तीच. आसावरी आता धंदा सांभाळणारी, ताठ मानेची बाई झालेली. आणि शुभ्रा? चेहरा नवा होता. त्याचं काही नाही, नट-नट्या बदलतात, आत्यानं शनाया दोनदा बदललेली सोसली होती. पण स्वभाव! मुलगा झालाय, आणि ही बाई घाबरते. नवऱ्याला घाबरते, स्वतःला घाबरते, बोलताना अडखळते. आत्मविश्वास हरवलेली आई दाखवायची होती म्हणे. दाखवा की! मूल झाल्यावर बायका अशा खचतात, हा विषय खरा आहे, मोठा आहे. पण ती कशी खचली, कधी खचली, कुणी खचवली, हे तर दाखवा. दोन मालिकांच्या मधल्या सुट्टीत खचली? सोमवारी टीव्ही लावला आणि खचलेली सापडली!

मला तर वाटतं, त्या घरात धीटपणा एकच होता, पैठणीसारखा. सासू भित्री होती तेव्हा तो सुनेनं नेसला. सासूला नेसायचा झाला तेव्हा सुनेच्या अंगावरून उतरवला. दोघींना पुरेल इतकं कापड लेखकांच्या कपाटात नव्हतं.

आत्यानं तीन दिवस पाहिलं आणि चौथ्या दिवशी टीव्ही बंद केला. मी रविवारी गेलो तेव्हा तिनं मला एकच प्रश्न विचारला. “ही जर आधीपासून अशीच असेल, तर मग ते लग्न लावलं कुणी?”

मी थातूरमातूर काही बोललो. अहो, नटी वेगळी, कथा वेगळी, वगैरे. ती म्हणाली, “ते मला कळतं रे. मी काय वेडी नाही. पण आम्ही तिच्या नावावर घेतलं होतं ना.”

उसनवारीतला हा शब्द आहे. आमच्याकडे पूर्वी दुकानदार विचारायचा, ‘कुणाच्या नावावर?’ आणि माणूस गावातल्या एखाद्या भरवशाच्या घराचं नाव सांगायचा. आत्यानं धीर घेतला तो शुभ्राच्या नावावर. आता दुकानदार सांगतो की त्या नावाचं घर गावात कधी नव्हतंच. सामान तर घरात आलंय, वापरून झालंय, कुंकू लावून झालंय. पण जामीन कोण?

लोकलच्या डब्यातल्या त्या तीन शब्दांचा रोख इथेच असावा. ‘ती अशी नव्हती’ म्हणणारी बाई करमणुकीबद्दल बोलत नसते. तिनं त्या पात्राकडे पाहून कधी तरी एखादा निर्णय घेतलेला असतो. नोकरी धरलेली असते, नवऱ्याला उलट उत्तर दिलेलं असतं, मुलीला सायकल घेतलेली असते. पात्र विसरलं तर ती एकटी पडते.

असो. आमच्या भागात या सगळ्याचं मूर्तिमंत रूप बघायचं असेल तर चौक-कर्जत रस्त्यावर बघायला मिळतं. नितीन देसायांनी २००५ साली तिथे खालापूरच्या हद्दीत एन. डी. स्टुडिओ उभा केला. ‘जोधा अकबर’चा आग्र्याचा किल्ला तिथे उठला, ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेतलं स्वराज्य तिथे उभं राहिलं. समोरून पाहाल तर बुरूज असा की हत्तीनं धडक द्यावी. मागे गेलात की बांबू, प्लायवूड आणि लोखंडी पाइप. आज या दरवाजावर मोगलांचा रंग, उद्या मराठ्यांचा. सेटचं ठीक आहे, तो त्यासाठीच असतो, आणि देसायांच्या हाताचा कसब असा होता की प्लायवूड आहे हे माहीत असूनही पाय उंबऱ्याशी घुटमळत. २०२३ च्या ऑगस्टात ते गेले तेव्हा चौकपासून कर्जतपर्यंत लोक हळहळले. पण माणसाचा स्वभाव हाही सेटच समजून चालायला लागलं, म्हणजे पंचाईत होते. त्याची मागची बाजू बघितलेले लोक रोज रात्री समोर बसलेले असतात.

मालिकेच्या सेटवर ‘कंटिन्युइटी’ सांभाळणारा एक माणूस असतो. त्याचं काम मोठं नाजूक. बाई उंबऱ्याच्या आत येताना पदर डाव्या खांद्यावर होता, तर पुढच्या तुकड्यात तो डावीकडेच हवा. चहाचा कप अर्धा होता तर तो अर्धाच हवा. नथीचा मोती खाली होता तर खाली. तो बिचारा फोटो काढून ठेवतो, वहीत टिपणं करतो. म्हणजे नथीची आठवण ठेवायला पगारी माणूस आहे, नथ घालणारीची ठेवायला नाही! ती काम करणाऱ्या नटीला असते, पण तिच्या हातात त्या दिवसाची पानं सकाळी पडतात, तीही गरम. इंग्लंडात ‘कोरोनेशन स्ट्रीट’ नावाची मालिका डिसेंबर १९६० मध्ये सुरू झाली आणि पहिल्या भागातला केन बार्लो विल्यम रोच या नटानं साठ वर्षांहून जास्त काळ वठवला. तिथले लेखक किती आले आणि गेले असतील! पण इतक्या वर्षांचा सबंध केन बार्लो डोक्यात असलेला एक माणूस तरी रोज सेटवर चहा पीत बसलेला असे.

तेव्हा आमच्या मालिकावाल्यांना माझी एक सूचना आहे, आणि ती खर्चाची नाही. प्रत्येक मालिकेत आठवणीचा एक माणूस नेमावा. शिक्षणाची अट नाही. पहिल्या भागापासून मालिका पाहिलेली असावी, आणि लेखक नवं वळण घेऊन आला की त्यानं फक्त एवढंच म्हणायचं, ‘ती अशी नव्हती.’ मग लेखकानं एक तर कारण द्यावं, नाही तर वळण बदलावं. सुरुवातीला एक उमेदवार मी खालापूरहून पाठवू शकतो. कालनिर्णयांचा २०१९ पासूनचा गठ्ठा ती बरोबर आणेल. तिच्या अटी दोनच आहेत : चहात आलं हवं, आणि संध्याकाळी सातच्या आत तिला घरी सोडायला हवं, कारण नंतर तिला मालिका बघायच्या असतात.